सतरा नंबरची चिठ्ठी

माझ्या आत्याला राग आला की ती बोलत नाही, मोजते. ओठ हलतात, आवाज येत नाही. लहानपणी तिचे ओठ हलायला लागले की माझा भाऊ जिना उतरून पसार व्हायचा. मी मात्र तिथंच उभी राहायचे आणि ओठ थांबले की विचारायचे, "कितीवर गेलीस?" तीनशे, चारशे, फार तर पाचशे. प्रदर्शनाच्या त्या दिवशी ती नऊशेच्या पुढे गेली.

सगळं सांगते. पण आधीच सांगून ठेवते, शांतपणे सांगणं मला जमणार नाही. ज्यांना शांतपणे ऐकायचंय त्यांनी माझ्या बाबांकडे जावं. ते गेली एकवीस वर्षं हीच गोष्ट फार शांतपणे सांगत आलेत. फक्त ती खोटी आहे.

आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते. पंख्यांच्या मोटारी आणि छोटे ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात तिनं सव्वीस वर्षं तार गुंडाळली. लांबच लांब टेबलं, चाळीस बायका, प्रत्येकीपुढे एक हँडल, एक बॉबिन आणि केसाहून बारीक तांब्याची तार. तार जास्त ताणली तर तुटते, सैल सोडली तर सगळी गुंडाळी ढेपाळते. उजव्या हातानं हँडल फिरवायचं, डाव्या हाताच्या दोन बोटांतून तार सोडायची आणि वेढे मनात मोजायचे. कुणी हाक मारली तरी आकडा सुटता कामा नये. म्हणूनच जेवताना काही विचारलं तर ताई आधी घास मोजून संपवते आणि मग उत्तर देते, असं बाबा पाहुण्यांना सांगतात. बाबांना विनोद चांगले जमतात.

त्या कारखान्यात बायकांना नावं नव्हती, नंबर होते. आत्या सतरा. कॉइल पूर्ण झाली की शेवटची पट्टी लावायच्या आधी आत कागदाची एक चिठ्ठी सरकवायची. त्यावर स्वतःचा नंबर आणि वेढ्यांचा आकडा. कौतुकासाठी नव्हे. कॉइल जळून परत आली की साहेब ती फोडायचा, चिठ्ठी काढायचा आणि त्या नंबरच्या बाईला सगळ्यांसमोर उभी करायचा. सव्वीस वर्षांत आत्याची चिठ्ठी दोनदा परत आली. एकदा तारच सदोष होती आणि एकदा तिच्या अंगात ताप होता. हे दोन्ही प्रसंग ती आजही तारखेसकट सांगते, आणि ताप होता हे मान्य केल्याशिवाय ऐकणाऱ्याला उठू देत नाही.

बाबा सुतार. खाली दुकान, वर घर. टेबलं, कपाटं, दारं करता करता एकदा कुणीतरी मान तुटलेली गिटार आणून दिली. त्यांनी ती अशी जोडली की सांधा बोटाला लागेना, आणि तिथून त्यांना तो नाद लागला. त्यांच्या हातात कला आहे, हे मी नाकारत नाही. माणसावर रागावलं म्हणून त्याच्या रंध्याला नावं ठेवू नयेत.

मग आला झिपऱ्या. हे नाव आत्यानं ठेवलेलं. तेव्हा त्याचे केस खांद्यापर्यंत होते आणि तो हॉटेलांत, समारंभांत, मिळेल तिथं गिटार वाजवायचा. आता त्याच्या डोक्यावर औषधालाही केस नाही आणि लोक तिकिटं काढून त्याला ऐकतात, पण आमच्या घरात तो झिपऱ्याच. त्यानं बंद पडलेल्या एका नाचघरातून एक जुना ॲम्प्लिफायर उचलून आणला होता. व्हॉल्व्हवाला, तिजोरीसारखा जड. चालू केला की आत लालसर दिवे लागायचे म्हणे. म्हणे म्हणते, कारण झिपऱ्याच्या हाती आला तेव्हा त्याचा ट्रान्सफॉर्मर जळालेला होता. शहरातल्या तीन दुरुस्तीवाल्यांनी हात वर केले. बाबा म्हणाले, बघतो.

बघितलं आत्यानं. बाबांनी तो ट्रान्सफॉर्मर टॉवेलात गुंडाळून वर आणला आणि तिच्या टेबलावर ठेवला. तिनं त्याच्या लोखंडी पत्र्या एकेक करून काढल्या, जळकी तार उलटी सोडवली, प्रत्येक थराचे वेढे मोजून वहीत लिहिले आणि चार रविवार खर्चून तो नव्यानं गुंडाळला. शेवटच्या पट्टीआधी सवयीनं चिठ्ठी आत सरकवली. ॲम्प बोलायला लागला. झिपऱ्या आमच्या दुकानात उभ्या उभ्या रडला, असं बाबा सांगतात. आत्यानं ते पाहिलं नाही, कारण ती वर होती.

वर का होती? कारण बाहेरचं काम करताना सापडली तर नोकरी गेली, असा कारखान्याचा नियम होता. म्हणून तिनंच बाबांना सांगितलं होतं, "माझं नाव घेऊ नकोस. तूच केलंस म्हण." बाबा तसं म्हणाले. इथपर्यंत कुणाचंच चुकलं नाही, हे मी कोर्टातही सांगेन.

पुढं झिपऱ्यानं बाबांकडून एकामागून एक तीन गिटारी बनवून घेतल्या. पहिली काळी, शाळेच्या मोडीत निघालेल्या बाकाच्या लाकडाची. कुणीतरी कर्कटकानं कोरलेला बाण तिच्या पाठीवर अजून दिसतो. दुसरी गडद लाल, झिपऱ्याची बोटं आखूड म्हणून मान मुद्दाम बारीक केलेली. तिसरीला रंगच नाही, नुसतं तेल. आता इलेक्ट्रिक गिटारचं लाकूड कितीही देखणं असलं तरी तारांखाली पिकअप नावाची एक चपटी कॉइल असते, आणि गिटारचा आवाज ॲम्पपर्यंत जातो तो तिच्यातूनच. लोहचुंबकाभोवती आठ हजारांच्या आसपास वेढे. ते वेढे कुणी दिले हे वेगळं सांगायला नको.

मध्ये एकदा बाबांनी वेढे देणारं यंत्र आणलं होतं, आकडा आपोआप दाखवणारं. कॉइल अशी गुळगुळीत झाली की बघत राहावं. झिपऱ्यानं वाजवून बघितली आणि बाबांना म्हणाला, मास्टर, ह्याच्यात कुणी राहत नाही. ते यंत्र आता दुकानात डिंकाचे डबे ठेवायला वापरतात. त्या दिवशी बाबांनी वर येऊन आत्याला एवढंच म्हटलं, "ताई, दोन पिकअप हवेत. आठवड्यात." तिन्ही गिटारींच्या मानेखाली पेन्सिलीनं बाबांची सही आहे. पिकअपच्या पट्टीखाली सतराची चिठ्ठी आहे.

कारखाना अकरा वर्षांपूर्वी बंद पडला. नोकरी गेली, नियम गेला, साहेब गेला. खोटं मात्र कामावर राहिलं. आत्या बाबांना म्हणाली, "आता सांगायला हरकत नाही." बाबा म्हणाले, "सांगतो ताई, वेळ बघून." अकरा वर्षं त्यांना वेळ दिसली नाही. आमच्या शेजारचं दुकान घड्याळवाल्याचं आहे.

आणि मग गेल्या वर्षी झिपऱ्यानं कुठल्याशा तंत्रज्ञाकडून लाल गिटारचा पिकअप उघडवला. आत चिठ्ठी निघाली. बाकीच्या दोन उघडल्या, तिथंही सतरा. हा माणूस आवाजाच्या बाबतीत भलता भाबडा आहे. ॲम्पवरची धूळ पुसायची नाही, आवाज बदलेल. ॲम्प त्याच विटक्या गालिच्यावर ठेवायचा, नाहीतर आवाज बदलेल. एका बटणाची टोपी हरवलीय, तिथं बुचाचा तुकडा खोचलाय. नवी टोपी बसवायची नाही, आवाज बदलेल. बाबा घरी येऊन त्याची नक्कल करतात आणि आई हसून लोटपोट होते. अशा माणसाला एक गूढ आकडा सापडला, मग काय विचारता. त्यानं बाबांना विचारलं, "मास्टर, हे सतरा काय आहे?"

बाबा हसले.

बस, एवढंच केलं. मी खोटं बोललो नाही, असं त्यांचं म्हणणं. नुसता हसलो. त्या हसण्यावर झिपऱ्यानं तीन मुलाखती दिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं त्याचं झालं, ते एक वेळ समजू शकते. पण कळसा कुठं आहे हे माहीत असलेला माणूस शेजारी उभा राहून हसतो, हे मला समजत नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली ती तिथं, आणि अजून खाली उतरलेली नाही.

या वर्षी झिपऱ्याच्या वादनाला चाळीस वर्षं झाली म्हणून मोठ्या सभागृहाच्या खालच्या दालनात प्रदर्शन भरलं. त्याच्या लाडक्या तीन गिटारी आणि तो जुना ॲम्प. शनिवारी वर त्याचं वादन, तोपर्यंत खाली लोकांनी येऊन बघायचं. बाबांना सहकुटुंब आमंत्रण होतं. ते आईला घेऊन गेले. "ताईला गर्दी सोसत नाही, तिचे गुडघे दुखतात," म्हणाले. आत्या रोज चौथ्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जिना चढून जाते. मूग गिळून गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मी शाळेतून, म्हणजे मी जिथं विज्ञान शिकवते तिथून, अर्धी रजा टाकली आणि बुधवारी दुपारी तिला घेऊन गेले.

गिटारी काचेत उभ्या होत्या, खालून उजेड सोडलेला. आत्या प्रत्येकीपुढे थोडी थोडी थांबली, नातेवाइकांकडे जाऊन आल्यासारखी. मग एक छोटी काचेची पेटी आली. आत मखमलीवर तिची चिठ्ठी होती, वर भिंग लावलेलं. बाजूला पाटी. तिचा चष्मा घरी राहिला होता म्हणून मी वाचून दाखवली. "निर्मात्याची खूण. मास्टरांच्या प्रत्येक वाद्यात लपलेला हा आकडा. त्याचं रहस्य विचारलं की मास्टर फक्त हसतात."

तिचे ओठ हलायला लागले.

मी तिचा दंड धरून तिला पुढे नेलं. कोपऱ्यात दोरी बांधून ॲम्प मांडला होता, गालिच्यासकट, धुळीसकट. स्पीकरची पेटी त्याच्यापासून काढून वेगळ्या चौथऱ्यावर ठेवली होती आणि तिची वायर छान वेटोळं करून वर ठेवली होती, शोभेला. आणि ॲम्प चालू होता. आतले लाल दिवे लोकांना दिसावेत म्हणून. त्याला एक साधी गिटार जोडली होती, येणाऱ्यांनी छेडून बघावी म्हणून. प्रदर्शनाचा व्यवस्थापक स्वतः ती छेडत होता आणि आवाज का येत नाही म्हणून बुचाचं बटण आणखी आणखी वाढवत होता.

व्हॉल्व्हच्या ॲम्पला स्पीकर जोडला नसेल तर जोराला बाहेर पडायला वाट नसते. तो ट्रान्सफॉर्मरमध्येच अडकतो आणि तिथली तार जाळतो. मी विज्ञान शिकवते, तरी मला हे त्या दिवशी कळलं. आत्याला वासानं कळलं. ती मोजायची थांबली आणि म्हणाली, "बंद करा ते. तार जळतेय."

व्यवस्थापक वळला. गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर हसू. "मावशी, दोरीच्या मागे राहा."

"स्पीकर लावलेला नाही त्याला. आधी बंद करा."

"ही मास्टरांनी दुरुस्त केलेली वस्तू आहे, मावशी. तुम्ही नका काळजी करू."

मी दोरीखालून वाकून प्लगकडे गेले तर रखवालदारानं माझं कोपर धरलं. तेवढ्यात आतून तड असा आवाज आला, दिवे विझले आणि मागच्या जाळीतून धुराची बारीक रेघ वर आली. व्यवस्थापक आमच्याकडे असा बघायला लागला, जणू आम्हीच काडी लावली. त्यानं आमची नावंसुद्धा लिहून घेतली. चोर तो चोर वर शिरजोर. एकवीस वर्षांत आत्याचं नाव त्या ॲम्पच्या संदर्भात कुणी लिहून घ्यायची ही पहिलीच वेळ.

बाहेर पायऱ्यांवर मी विचारलं, "कितीवर गेलीस?"

"नऊशे बारा," ती म्हणाली. "मग वास आला."

संध्याकाळी बाबा धापा टाकत वर आले. झिपऱ्याचा फोन आला होता. दुसरा ट्रान्सफॉर्मर त्याला नको होता. तेच लोखंड, तेवढेच वेढे, आणि शनिवारच्या आत.

"ताई, उद्या सकाळीच घेऊन येतो," बाबा म्हणाले. "दोन दिवसांत होईल ना?"

"आणू नकोस."

"म्हणजे?"

"घरी आणायचा नाही. मी तिथं येऊन करीन. त्या चिठ्ठीच्या पेटीशेजारी टेबल टाकायला सांग."

"अगं, तिथं लोक असतात."

"म्हणूनच."

बाबा पलंगाच्या कडेवर बसले. "ताई, इतकी वर्षं मी त्याला… तो काय म्हणेल मला?"

"तो तुम्हाला काय म्हणेल याची काळजी आहे तुम्हाला," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला तो उतरवायचा नव्हता. "हिला काय वाटलं असेल, हे कधी आलं का मनात?"

आत्यानं मला हातानं थांबवलं. ती बाबांकडे बघून म्हणाली, "साहेब निदान जळल्यावर तरी माझा नंबर काढायचा. तू जळल्यावरसुद्धा नाही."

बाबा उठून दारापर्यंत गेले. मग म्हणाले, "आठ वाजता निघू."

गुरुवारी सकाळी सभागृहाच्या दारात तोच व्यवस्थापक उभा होता. कामगारांना मागचं दार आहे, म्हणाला. बाबांच्या हातात आत्याचं हँडल आणि तारेची रिळं होती, ते सवयीनं मागे वळलेही. आत्या पुढच्या दारानंच आत गेली. मग तेही गेले.

तिनं वही उघडली. एकवीस वर्षांपूर्वीचे आकडे, थरावार. दुपारपर्यंत जळकी तार निघाली आणि नवी चढायला लागली. लोक गिटारी सोडून तिच्या टेबलाभोवती थांबायला लागले. झिपऱ्या आला तो सरळ गर्दीत घुसला, आणि टेबलामागे बाबांऐवजी एक म्हातारी बघून थबकला.

"मास्टर, ह्या कोण?"

"माझी ताई," बाबा म्हणाले. "ही मला जरा मदत…"

आत्या बोलू शकत नव्हती. ती अकराशेच्या पुढे होती आणि आकडा सोडून भांडायची तिची पद्धत नाही. हँडल फिरत होतं, तार बोटांतून सुटत होती, आणि डोळे मात्र बाबांवर होते. मीही बघत होते. मी तर डोळ्यांनी त्यांना भोकं पाडत होते. बाबांनी एकदा त्या काचेच्या पेटीकडे पाहिलं, एकदा आत्याच्या हाताकडे.

"मदत नाही," ते म्हणाले. "सतरा म्हणजे ही. तेव्हाही हीच होती. पिकअपही हिचेच."

झिपऱ्याला ते कळायला वेळ लागला. कळल्यावर तो बाबांवर चिडेल असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होते. तसं काही झालं नाही. त्याला एका रहस्याच्या बदल्यात दुसरं, जास्त चांगलं रहस्य मिळालं होतं. तो शुक्रवारभर खुर्ची टाकून बसला. संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर बसला, स्पीकर जोडला, दिवे लागले. त्यानं काळी गिटार काचेतून काढून एकच सूर लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "तोच."

मग त्यानं मोबाइल काढला. "मावशी, एक फोटो. फक्त हातांचा. नुसते हात, अंधारात, फार सुंदर येईल."

आत्यानं हात पदराखाली घेतले. "हात एकटे कुठं जात नाहीत," ती म्हणाली.

तो ओशाळला. मी म्हटलं, पाटी बदला मग. त्यावर व्यवस्थापक मधे पडला. पाटी छापून झाली होती, कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती, पुढच्या वेळी नक्की. पुढच्या वेळी! चाळीस वर्षांचा सोहळा परत कधी असतो, ऐंशी झाल्यावर? झिपऱ्यानंही मान हलवली, हो, पुढच्या वेळी नक्की.

बाबा हळूच आत्याजवळ आले. "ताई, मी असं करतो. तिन्ही गिटारींच्या माना सोडवतो आणि माझ्या सहीशेजारी तुझं नाव लिहितो."

"कुठं लिहितोस?"

"मानेखाली. आत."

"परत आतच," आत्या म्हणाली.

आत्यानं वहीचं एक पान फाडलं. त्यावर पेनानं ठळक अक्षरांत आपलं पूर्ण नाव लिहिलं, खाली सतरा, त्याखाली वेढ्यांचा आकडा. ट्रान्सफॉर्मरला लावून उरलेली पिवळी पट्टी घेतली आणि तो कागद ॲम्पच्या पुढच्या बाजूला, बरोबर मधोमध चिकटवला. कडा नखानं दाबून घेतल्या. व्यवस्थापक लगबगीनं पुढे झाला. "मावशी, तिथं नाही लावायचं काही. काढतो मी ते."

"काढा," आत्या म्हणाली. मग झिपऱ्याकडे वळून शांतपणे, "पण आवाज बदलेल."

झिपऱ्यानं व्यवस्थापकाचं मनगट धरलं. तो त्या कागदाकडे बघत राहिला, मग गालिच्याकडे, बुचाच्या तुकड्याकडे, आणि शेवटी बाबांकडे. "मास्टर, खरंच बदलेल?"

कागदाच्या कपट्यानं आवाज बदलत नाही, हे मला माहीत होतं आणि बाबांनाही. आत्या कुणाकडेच बघत नव्हती. तिचे ओठ हलायला लागले होते. फार तर वीस-बावीसवर पोचली असेल.

"बदलेल," बाबा म्हणाले. "कुणालाही हात लावू देऊ नका."